आर्यभटाने शून्य शोधलं नाही, मग त्याने नेमकं केलं काय?

मृगशीर्ष
लेक आठवीत आहे. विज्ञान दिनाला पाच मिनिटांचं भाषण करायचंय आणि तिच्या वाट्याला आर्यभट आलाय. शाळेतून मिळालेल्या कागदावर पहिलंच वाक्य, "आर्यभट्ट यांनी शून्याचा शोध लावला." तिने मला विचारलं, आई, मग त्याच्याआधी लोक दहा कसे लिहायचे? मला उत्तर देता येईना. म्हणून सरळ अनुवादासह छापलेला त्याचा ग्रंथ, आर्यभटीय, मिळवला आणि गेले तीन आठवडे रात्री मागचं आवरून झालं की घेऊन बसतेय. संस्कृत शाळेत शिकले तेवढंच, पण एकदा हात घातला की सुटत नाही हो हे.

आधी केवढं आहे ते सांगते. सगळं मिळून १२१ श्लोक. गीतिकापादात १३, गणितपादात ३३, कालक्रियापादात २५ आणि गोलपादात ५०. एवढ्यातच वर्गमूळ, घनमूळ, क्षेत्रफळं, श्रेढी, ग्रहांच्या गती, दिनमान, ग्रहणं सगळं बसवलंय. स्वतःबद्दल मात्र जवळजवळ काहीच बोलत नाही. एका श्लोकात सांगतो की साठ वर्षांची साठ चक्रं आणि युगाचे तीन पाद उलटले तेव्हा माझ्या जन्माला तेवीस वर्षं झाली होती. चौथा पाद म्हणजे कलियुग, ते इ.स.पू. ३१०२ पासून मोजतात, त्यात ३६०० वर्षं घातली की (मधे शून्य साल नाही म्हणून) येतं इ.स. ४९९, त्यातून २३ वजा केले की जन्म ४७६ चा. आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या तारखांवरून केवढे वाद असतात, आणि हा माणूस स्वतःच्या जन्मसालाचं गणित घालून गेलाय!

मी सगळ्यात जास्त अडकले ते त्याच्या अक्षरांत. पहिल्याच पादात तो आकडे लिहायची स्वतःची रीत सांगतो. क म्हणजे १, ख म्हणजे २, असं करत म म्हणजे २५. पुढे य ३०, र ४०, ह पर्यंत १००. आणि अक्षराला लागलेला स्वर सांगतो की त्याला कितीने गुणायचं, अ असेल तर १, इ असेल तर १००, उ असेल तर १०,०००, ऋ असेल तर १०,००,०००. आता युगात सूर्याचे फेरे किती, तर तो एकच शब्द लिहितो, ख्युघृ. मी वहीत फोडून बघितलं. खु म्हणजे २ गुणिले १०,०००, यु म्हणजे ३० गुणिले १०,०००, दोन्ही मिळून ३,२०,०००. घृ म्हणजे ४ गुणिले दहा लाख. बेरीज ४३,२०,०००. युगाची वर्षं! दोन अक्षरांत!! रात्री साडेअकरा वाजता लेकीला उठवून दाखवलं.

तर तुम्हा मंडळींना विनंती, ज्यांना जे पक्कं माहीत आहे ते लिहा. भाषणात खोटं काही जायला नको आणि खरं काही राहायलाही नको.

जुना_मास्तर
ताई, फार चांगला धागा काढलात. चाळीस वर्षं गणित शिकवलंय, तेव्हा शून्याचं आधी घेतो.

तुमच्या लेकीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. गणितपादाच्या दुसऱ्याच श्लोकात एक, दश, शत, सहस्र, अयुत अशी यादी देऊन तो म्हणतो "स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्", म्हणजे एका घरातून पुढच्या घरात गेलं की दहापट. ही घरं त्याने शोधली नाहीत, ती त्याच्या काळी रुळलेली होती, तो त्यांच्यावर काम करतोय. वर्गमूळ काढायची त्याची रीत दोन-दोन आकड्यांचे गट पाडून चालते, आपण शाळेत भागाकार पद्धतीने काढायचो तशीच, आणि ती स्थानमूल्य असल्याशिवाय चालूच शकत नाही. शून्य ही संख्या धरून तिची बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसा करायचा याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये दिले. तेव्हा भाषणात "शून्याचा शोध" नको, "स्थानमूल्यावर उभं राहून वर्गमूळ-घनमूळ काढायची रीत आर्यभटाने लिहून ठेवली" असं म्हणू द्या पोरीला.

दुसरं, नाव. आर्यभट. आर्यभट्ट नाही. भट म्हणजे योद्धा, भट्ट म्हणजे पंडित, शब्दच वेगळे. तो स्वतः "आर्यभटस्त्विह निगदति कुसुमपुरेऽभ्यर्चितं ज्ञानम्" लिहितो, तिथे जोड-ट घातला तर एक मात्रा वाढते आणि आर्या वृत्त मोडतं. म्हणून बघा! ही गोष्ट १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ठासून मांडली ती आपल्या मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या म्युझियमला नाव आहे ना, तेच. दिवसा रोगी तपासायचे आणि जुन्या पोथ्या मिळवून वाचायचे. या माणसाचं ऋण आपण पार विसरलोय.

गोदाकाठचा
+१ मास्तर. मी गावाचं सांगतो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

कुसुमपूर म्हणजे पाटलीपुत्र, आजचं पाटणा, असं त्याच्यावर इ.स. ६२९ मध्ये भाष्य लिहिणारा पहिला भास्कर सांगतो. (लीलावतीवाले भास्कराचार्य वेगळे, ते बाराव्या शतकातले.) पण हाच भास्कर आर्यभटाला अश्मकीय म्हणतो, म्हणजे अश्मक देशाचा. आणि अश्मक कुठे, तर गोदावरीच्या खोऱ्यात. त्याची राजधानी पोतन म्हणजे तेलंगणातलं बोधन असं बरेच अभ्यासक धरतात, नांदेडहून काही फार लांब नाही. अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा शिलालेख आहे, त्यात अश्मक राजाच्या मंत्र्याचा, भव्विराजाचा उल्लेख येतो. ते लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, वाकाटक हरिषेणाच्या आगेमागे. म्हणजे अजिंठ्यात छिन्नी-हातोडे चालू होते त्याच सुमाराला हा मुलगा जन्मलाय. मी त्या लेण्यात दोनदा गेलोय, तिथल्या आडव्या झोपलेल्या बुद्धासमोर उभं राहिलं की दरवेळी हेच डोक्यात येतं.

तो आपला होता की त्यांचा होता या भांडणात मला पडायचं नाही. गोदावरीकडचा मुलगा शिकायला पाटलीपुत्रापर्यंत जातो आणि तिथे मान मिळालेलं ज्ञान मी सांगतोय असं नम्रपणे लिहितो, मला एवढंच पुष्कळ वाटतं.

सुनंदा_के
वाचतेय, सगळ्यांना धन्यवाद. माझ्याकडे एक फॉरवर्ड आलं होतं त्यात लिहिलं होतं की पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसच्या हजार वर्षं आधी आर्यभटाने सांगितलं आणि पृथ्वीचा परीघ ९९ टक्के अचूक दिला. हे भाषणात घालता येईल का? मला मनापासून जाणून घ्यायचंय.

खगोलवेडा
सुनंदाताई, अर्धं घालता येईल आणि ते अर्धं मूळ फॉरवर्डपेक्षा भारी आहे.

सूर्याभोवती नाही. त्याची पृथ्वी मध्यभागीच आहे, ग्रह तिच्याभोवती मंदवृत्त-शीघ्रवृत्तांवर, म्हणजे वर्तुळावरच्या छोट्या वर्तुळांवर, फिरतात. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे त्याने म्हटलंय, आणि किती छान म्हटलंय बघा. अनुलोमगतिर्नौस्थः पश्यत्यचलं विलोमगं यद्वत्, पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर गोष्टी मागे पळताना दिसतात, तसे लंकेत (म्हणजे विषुववृत्तावर) स्थिर तारे सरळ पश्चिमेकडे जाताना दिसतात. रेल्वेच्या खिडकीत बसलेल्या पोरालासुद्धा कळेल.

आणि नुसती उपमा देऊन थांबलेला नाही, आकडा दिलाय. एका युगात पृथ्वीचे फेरे १,५८,२२,३७,५००. यातून सूर्याचे ४३,२०,००० वजा करा, उरतात युगातले दिवस, १,५७,७९,१७,५००. आता दिवसांना फेऱ्यांनी भागा. कॅल्क्युलेटर घ्या हातात, खरंच करून बघा. पृथ्वीचा एक फेरा २३ तास ५६ मिनिटं ४.१ सेकंदांचा येतो. आजचा आकडा २३ तास ५६ मिनिटं ४.०९ सेकंद. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चुकलं असेल म्हणून परत केलं. वर्ष मात्र त्याचं ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटं ३० सेकंद येतं, आजच्या नाक्षत्र (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या) वर्षापेक्षा साधारण तीन मिनिटं वीस सेकंद जास्त. चंद्राचा ताऱ्यांमधला फेरा २७.३२१६७ दिवस, तो जवळजवळ तंतोतंत.

परिघाचं म्हणाल तर तो पृथ्वीचा व्यास १०५० योजनं देतो आणि योजन म्हणजे ८००० पुरुष उंची असंही सांगतो. ती उंची ४ हात. हात दीड फुटाचा धरला तर व्यास पंधरा हजार किलोमीटरच्या आसपास जातो, प्रत्यक्षात आहे १२,७४२. हात लहान धरला की अंतर कमी होतं. म्हणजे ९९ टक्के हा आकडा आपण योजन किती किलोमीटरचं धरलं त्यावर ठरतो, त्याच्यावर नाही. हे वाक्य भाषणातून काढा.

ग्रहणांचं मात्र घाला. "छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया", चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला. अर्ध्या श्लोकात राहू-केतू बाजूला. माझ्या लहानपणी ग्रहण लागलं की गल्लीतून "दे दान सुटे गिराण" ओरडत लोक यायचे आणि आजी धान्य द्यायची. त्याच्या दीड हजार वर्षं आधी सावलीची लांबी काढायचं गणित इथे लिहून तयार होतं.

काळवेळ
पृथ्वी फिरते म्हटल्यावर लोकांनी काय केलं तेही सांगायला हवं, गोष्ट तिथेच रंगते.

वराहमिहिर म्हणाला, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेला ससाणा परत घरट्याशी कसा येतो? ब्रह्मगुप्त म्हणाला, पृथ्वी एका प्राणात एक कला सरकते तर ती चाललीय कुठे, आणि गरगर फिरते तर उंच वस्तू पडत कशा नाहीत? (प्राण म्हणजे चार सेकंद, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. दिवसात २१,६०० प्राण आणि वर्तुळात २१,६०० कला, हिशेब किती चपखल जुळवलाय बघा.) हे प्रश्न मूर्खपणाचे नव्हते हं. जडत्व कळेपर्यंत युरोपातही अशाच शंका काढत होते.

वाईट पुढे झालं. आर्यभटाचा मूळ पाठ होता "प्राणेनैति कलां भूः", प्राणात पृथ्वी एक कला जाते. नंतरच्या टीकाकारांना ते पटेना म्हणून त्यांनी "भूः" चं "भं" केलं, भं म्हणजे नक्षत्रमंडळ. एका अक्षराचा बदल, की लगेच पृथ्वी थांबली आणि आकाश फिरायला लागलं! त्याचेच अनुयायी, त्याच्यावर प्रेम करणारे लोक, त्याला चुकीपासून वाचवायला गेले आणि त्याचं सगळ्यात धाडसी वाक्य पुसून बसले. मूळ शब्द आपल्याला कळतो तो मुख्यतः ब्रह्मगुप्तामुळे, कारण त्याने खोडून काढण्यासाठी का होईना, जसाच्या तसा उतरवून ठेवला.

आणि त्याच ब्रह्मगुप्ताने वयाच्या सदुसष्टीत, इ.स. ६६५ ला, खंडखाद्यक लिहिलं त्यात सुरुवातीलाच म्हणतो की आचार्य आर्यभटासारखीच उत्तरं देणारा हा ग्रंथ आहे. ऐन तिशीत ज्याच्यावर अख्खा अध्याय भरून टीका केली त्याला म्हातारपणी आचार्य म्हणतो. आर्यभटाचा मध्यरात्रीपासून दिवस मोजणारा दुसरा ग्रंथ हरवलाय, त्यातलं बरंच काही आपल्यापर्यंत पोचलं ते या खंडखाद्यकातूनच.

जुना_मास्तर
काळवेळ, वा! हे भू आणि भं मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवायचो.

आता माझ्या आवडीचं. ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय त्यांनी त्रिज्या हा शब्द हजारदा लिहिला असेल. त्यातली "ज्या" म्हणजे काय, आणि "त्रि" कशाचे तीन, विचार केलाय कधी? ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, त्याला बांधलेली दोरी म्हणजे जीवा. आर्यभट अर्धी दोरी घेतो, अर्धज्या, आणि तीच पुढे नुसती ज्या झाली. तीन राशी म्हणजे ९० अंश, तीन राशींची ज्या ती त्रिज्या. केंद्रापासून परिघापर्यंतच्या रेषेचं नाव आपण त्याच्या कोष्टकातून उचललंय! हीच जीवा अरबीत जीब झाली, ती कोणीतरी जैब वाचली, जैब म्हणजे खोळ किंवा आखात, म्हणून लॅटिनमध्ये भाषांतर झालं सायनस, आणि आपण कॅल्क्युलेटरवर साइनचं बटण दाबतो.

त्याचं कोष्टक एका श्लोकात आहे. मखि भखि फखि धखि णखि ञखि ङखि... मृगशीर्षताई, तुमच्या अक्षरांनी सोडवा. मखि २२५, भखि २२४, फखि २२२, धखि २१९, असे चोवीस आकडे, शेवटचा छ म्हणजे ७. हे ज्यांमधले फरक आहेत, एकात एक मिळवत जायचं. ९० अंशांचे चोवीस भाग केले, प्रत्येक ३ अंश ४५ कलांचा. त्रिज्या ३४३८ का, तर परीघ २१,६०० कला धरला की त्रिज्या तेवढीच येते, म्हणजे कमान आणि रेषा दोन्ही एकाच मापात. पहिले आठ आकडे मिळवा, १७१९ येतात. आठवा भाग म्हणजे ३० अंश, आणि १७१९ हे ३४३८ चं बरोबर निम्मं. पोरीने अजून त्रिकोणमिती शिकली नसली तरी चालेल, दोरा आणि कागद घेऊन मोजता येईल.

दोरा_आणि_खिळा
मास्तरांनी परिघाचा विषय काढलाच आहे तर पायचं राहायला नको. शंभरात चार मिळवा, आठाने गुणा, बासष्ट हजार मिळवा, वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा हा परीघ. ६२,८३२ भागिले २०,००० म्हणजे ३.१४१६.

पण माझा जीव जडलाय तो त्याच श्लोकातल्या एका शब्दावर, "आसन्नः". जवळचा. हा परीघ आहे असं तो म्हणत नाही, परिघाच्या जवळ जाणारा आहे असं म्हणतो. हजार वर्षांनी केरळात नीलकंठ सोमयाजी यावर भाष्य लिहिताना विचारतो की खरी किंमत सोडून जवळची का दिली? आणि स्वतःच सांगतो, कारण खरी देताच येत नाही, ज्या मापाने व्यास पुरता मोजला जातो त्या मापाने परीघ मोजला तर काहीतरी उरतंच, माप कितीही बारीक करा, ते उरणं कमी होईल पण संपणार नाही. मी मशीन शॉपमध्ये काम करतो. आमच्याकडे प्रत्येक मापापुढे किती चालेल ते लिहावंच लागतं, नाहीतर ड्रॉइंग परत येतं. चार दशांश स्थळांपर्यंत पोचलेला माणूस तिथे "जवळचा" असं लिहितो, यापेक्षा मोठी सचोटी मला ठाऊक नाही.

सुनंदा_के
हे वाचून अंगावर काटा आला. फॉरवर्ड डिलीट केलं, आता ग्रुपवर हेच टाकते.

अनामिका_७
थोडी खुसपट काढते, रागावू नका. भाषणात त्याच्या चुकाही याव्यात असं मला वाटतं. त्रिकोणाचं क्षेत्रफळ त्याने बरोबर दिलंय, पाया गुणिले उंचीचं निम्मं. पण लगेच त्याच श्लोकात त्रिकोणी सूचीचं (पिरॅमिडचं) घनफळही पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंचीचं निम्मं दिलंय, हवा होता तिसरा भाग. गोलाचं घनफळसुद्धा चुकलंय, वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचंच वर्गमूळ असं देतो, ते खऱ्यापेक्षा जवळपास तेहतीस टक्के जास्त येतं. मुलांना हे सांगितलं तर तो माणूस आणखी जवळचा वाटेल, लांबचा नाही.

मृगशीर्ष
अनामिका, रागवायचं काय त्यात, लेकीने हे आधी लिहून घेतलं. तिचं म्हणणं, त्रिकोणावरून सूचीवर उडी मारताना चुकला, मीपण तिथेच चुकले असते.

खगोलवेडा
कुट्टक राहिला. एक कोडं देतो, पहिल्या भास्कराच्या भाष्यातलं आहे. अशी संख्या सांगा, ८ ने भागली तर ५ उरतात, ९ ने भागली तर ४ आणि ७ ने भागली तर १.

दोरा_आणि_खिळा
८५. मी असं केलं, ८ ने भागून ५ उरणारे ५, १३, २१... त्यात १३ ला ९ ने भागलं की ४ उरतात. आता दोन्ही अटी टिकवायच्या तर ७२-७२ ने पुढे जायचं, १३ नंतर ८५, त्याला ७ ने भागलं, १ उरला.

खगोलवेडा
शाब्बास. यात आकडे लहान आहेत म्हणून भागलं, आर्यभटाला करोडोंचे फेरे जुळवायचे होते, अमुक ग्रह इथे आहे, तमुक तिथे, तर युग सुरू होऊन किती दिवस झाले? त्यासाठी त्याने मोठे भाजक एकमेकांनी भागत-भागत लहान करायची रीत दिली. पुढच्या लोकांनी तिला कुट्टक म्हटलं, कुटणारा. खलबत्त्यात सुंठ कुटतो तसं, एका घावात होत नाही, घालत राहायचं, बारीक होत जातं.

मावळतीचा_सूर्य
अवांतर, पण आमच्या पिढीला आर्यभट म्हटलं की १९ एप्रिल १९७५ ला सोडलेला उपग्रह आणि दोन रुपयांच्या नोटेमागचं त्याचं चित्र आठवतं. ती नोट मी अजून डायरीत जपून ठेवलीय. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात आर्यभटाचा पुतळाही आहे, न्यूटन, आइनस्टाइन, गॅलिलिओच्या जोडीला. लेकीला दाखवून आणा.

मृगशीर्ष
सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायला हवं पण आज एवढंच सांगते.

काल चार्टपेपर जमिनीवर पसरून ३४.४ सेंटीमीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ काढलं, कोनमापकाने ३० अंशांवर खूण केली, तिथून आडव्या रेषेवर लंब टाकून पट्टी लावली. १७.२. मास्तर, तुमचे १७१९! मग ती म्हणाली बारावी काढू, ४५ अंशांची. बारा आकडे मिळवले, २४३१ आले. पट्टीवर २४.३. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, आई, हे त्याने पट्टी न लावता काढलं ना.

भाषणाचं पहिलं वाक्य तिने बदललंय, नावेपासून सुरुवात करणार आहे. "आसन्न" वर एक अख्खा परिच्छेद आहे, भू आणि भं पाठ आहे, सूचीची चूकही आहे. पाच मिनिटांत बसत नाहीये, बघू काय कापायचं.

आज सकाळी गच्चीवर सुतळी आणि खडू घेऊन दहापट मोठं काढलं, ३ मीटर ४४ सेंटीमीटरचं. पहिल्या भागाशी, मखिपाशी, तिने सुतळी आधी कमानीवरून लावून मोजली आणि मग सरळ खाली सोडून मोजली. दोन्ही वेळा साडेबावीस सेंटीमीटर.